तू धरून किती?

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे, आणि माझं डाव्या बाणाचं बटण माझं स्वतःचं नाही. बाकी सगळी बटणं काळी, हे एकटं पांढरं. येणारे-जाणारे बघून हसतात आणि असं का म्हणून विचारतात. मला तोंड नाही, म्हणून आज सगळं लिहूनच सांगतो. तुमच्यात कुणी भित्रा असेल तर त्याने दार उघडं ठेवून वाचावं. यातलं बहुतेक सगळं दिवस बुडायच्या सुमारास, घरात माणसं असताना घडलेलं आहे. तरी माझाच त्यावर अजून नीट विश्वास बसत नाही.

पुण्यातल्या एका कचेरीत माझी पहिली सहा वर्षं गेली. रजेचे अर्ज आणि बैठकीच्या नोटिसा यांपलीकडे मी जग पाहिलं नव्हतं. चालताना तापू लागलो तसा माझा मान कमी झाला. मग एक दिवस नवे कोरे लॅपटॉप आले आणि आम्हा चाळीस जणांना पोत्यात भरून विकून टाकलं. हात बदलत बदलत मी यवतमाळ जिल्ह्यात, दिग्रसच्या बसस्टँडमागे रहेमानचाचांच्या दुरुस्तीच्या दुकानात येऊन पडलो.

रहेमानचाचा मोठे कसबी माणूस. पाच मेलेल्या लॅपटॉपांतून एक जिवंत उठवायचा, ही त्यांची रीत. माझा पंखा एकाचा, बिजागरी दुसऱ्याची, चार्जर तिसऱ्याचा. म्हणजे दिसायला मी एक, पण आत आम्ही चार-पाच जण आहोत. मोजायला बसलात तर कुठून सुरू कराल, हे मला अजून सांगता येत नाही.

त्याच दुकानातून मला इंद्रजीतने विकत घेतलं. तो कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, राहणार जवळच्या तांड्यावर. तांडा म्हणजे बंजारा लोकांची वस्ती. पूर्वी हे लोक बैलांच्या पाठीवर गोण्या लादून गावोगाव माल पोचवायचे, तेव्हा त्या चालत्या काफिल्यालाही तांडाच म्हणत. आता बैल गेले, घरं पक्की झाली, नाव तेवढं राहिलं.

"भाऊ, खोटं नाई बोलत," रहेमानचाचा म्हणाले. "बॅटरी दोन मिनटं धरते. लाइट गेली का हा गेला. अन् डाव्या बाणाचं बटन नाई याले."

"त्याच्याबिगर काई अडते का?" इंद्रजीतने विचारलं.

"नाई अडत. उजवीकडं जाते ना."

इंद्रजीतची मुलगी वर्षा दिग्रसच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होती. तिचे फॉर्म भरायला आणि अभ्यासाला म्हणून मला आणलं होतं. फॉर्म दोन दिवसांत भरून झाले. तिसऱ्या दिवशी तिने मोबाइलवर एक फुकटची शिकवणी लावली, तिथून एक फुकटचं सॉफ्टवेअर माझ्यात उतरवलं आणि गेम बनवायला बसली. खेळायला नव्हे, बनवायला. माझ्या आयुष्यात मला असं काम कुणी दिलं नव्हतं. मी इतका खूश झालो की माझा पंखा घरघरायला लागला आणि वर्षाची आई रुक्माबाई स्वयंपाकातून विचारत्या झाल्या, "थे काय गिरणी सुरू केली का?"

वर्षाचा पहिला गेम म्हणजे एक लाल चौकोन. तिने तो पडद्यावर ठेवला, चालू केला, आणि तो सरळ खाली पडून दिसेनासा झाला. तिने त्याला वजन दिलं होतं, पण उभं राहायला जमीन द्यायची राहून गेली होती. तो परत येईल म्हणून ती बराच वेळ वाट पाहत बसली. चौकोन पडतच होता. तिला दिसत नव्हता, पण तो किती खोल गेला ते मला कळत होतं, कारण मोजणं हेच माझं काम. खाली जमीन नसली तर पडणारा कधी थांबत नाही, हे मला त्या दिवशी समजलं आणि ते मला मुळीच आवडलं नाही.

पुढे ती जमीन द्यायला शिकली. उजव्या बाणाने चौकोन चालवायला शिकली. डावा बाण नव्हताच, त्यामुळे तिकडची आज्ञा तिने लिहिलीच नाही. मग चौकोनाचा माणूस करायची वेळ आली आणि तिथे ती अडली. सोळा बाय सोळा घरांत माणूस बसवायचा कसा? तेव्हा रुक्माबाई मागून वाकून म्हणाल्या, "हे तं टाके हायेत."

रुक्माबाईंचा हात भरतकामात बसलेला. कापडाचे धागे मोजून टाके घालणं हे त्यांना बोलण्याइतकं सोपं. त्यांनी बोट ठेवून दाखवलं, इथं चार घरं फेटा, कारण दोनांत तो बसत नाही, इथं सहा घरं अंगरखा, पाय दोनच घरांचे. तासाभरात माझ्या पडद्यावर एक बंजारा माणूस उभा राहिला. वर्षाने त्याला चालवला तेव्हा मायलेकी दोघी हसल्या, आणि मला वाटलं की पोत्यात भरून विकलं गेलो ते बरंच झालं.

वर्षाने ठरवलं की गेममध्ये जुना चालता तांडा दाखवायचा. पुढे बैल, मागे माणसं, रस्त्यात चढ-उतार आणि एक नदी. हे सगळं पाहिलेला एकच माणूस घरात होता, तिचे आजोबा भीमसिंग. तांड्यात आजोबांना दादा म्हणतात. दादांनी ऐंशी कधीच ओलांडली होती. मोतीबिंदू काढलेला एक डोळा चांगला, दुसरा नावापुरता. त्यांच्या लहानपणी माल वाहायचा धंदा मोडत आला होता आणि तो करणारं त्यांचं कुटुंब जवळपास शेवटचं.

"दादा, तुमच्या तांड्यात किती जन होते?" वर्षाने विचारलं.

दादा जरा थांबले. "बारा लिवून घे."

त्यांनी एकेक नाव सांगितलं, तिने ते माझ्यात उतरवलं. बाप, आई, दोन काका, काकू, सहावे ते स्वतः, मग चुलत भावंडं. बारा नावांची यादी झाली. तिने मला आज्ञा लिहून दिली की यादीतल्या प्रत्येकासाठी एक माणूस काढ आणि सगळ्यांना पुढच्याच्या मागे चालव. मग चालू करायचं बटण दाबलं.

बैल निघाले. त्यांच्यामागे बारा माणसं निघाली. आणि बाराव्याच्या मागे आणखी एक काहीतरी निघालं.

ते काळं होतं. त्याला फेटा नव्हता, तोंड नव्हतं, पाय नव्हते. बाकीचे पावलं टाकत होते, ते नुसतं सरकत होतं. वर्षाने घाबरून बाणावरचं बोट उचललं. तांडा थांबला. बारा माणसं जागच्या जागी उभी राहिली, आणि ते काळं आणखी एक पाऊलभर पुढे सरकलं. मग तेही थांबलं.

तेवढ्यात लाइट गेली. दोन मिनिटं मी कसाबसा जागा होतो. वर्षाने काही दाबलं नाही, नुसती बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दादा काठी टेकत आले आणि माझ्यासमोर बसले. "दाखव तुहा तांडा," म्हणाले. वर्षाला वाटलं, दादांच्या डोळ्याला काय दिसणार. तिने चालू केला. दादांनी पडद्याला बोट लावून मोजायला सुरुवात केली. त्यांचं बोट काचेवर घासत गेलं ते मला कळत होतं. बारावर ते थांबलं नाही. त्या काळ्यापाशी आलं आणि तिथेच टेकून राहिलं.

"तेरा," दादा म्हणाले.

त्या रात्री ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही भाकरीचा कोपरा मोडून उठले. तिसऱ्या दिवशी पुन्हा माझ्यासमोर येऊन बसले, पुन्हा मोजले, पुन्हा तेरा आले. मग त्यांनी वर्षाला सगळं सांगितलं. रुक्माबाई चुलीजवळ होत्या, त्यांचे हात थांबले.

"आमी बारा नव्हतो, तेरा व्हतो," दादा म्हणाले. "सोनकीचं नाव मी तुले सांगतलंच नाई. माही बहीन. पाच वर्साची. मी आठचा असन. अरुणावतीच्या उतारावर आलो तं दिवस बुडून राह्यलता. मी सगळ्याइच्या पयले पार झालो. बा नं मले काठावर उभं केलं अन् म्हने, एकेक जन येईन तसा मोज. मले नवंनवं मोजता येत व्हतं. मी मोजले. शेवटी बा आला अन् त्यानं इचारलं, तू धरून किती? मी म्हटलं, तेरा. बा म्हने, बरोबर हाये. अन् आमी निंगालो."

"मंग?"

"मुक्कामाले याडीनं भाकरी वाढल्या. एक उरली."

याडी म्हणजे आई.

"बा अन् काका मशाली घेऊन माघारी गेले. दोन दिवस नदी धुंडली. काईच नाई भेटलं, तिच्या डोक्यावरचा घुंगटोबी नाई. तो उतार आता धरणाच्या पान्यात गेला." दादांनी पुन्हा माझ्या पडद्याकडे पाहिलं. "पन मी तेरा मोजले व्हते, पोरी. शेवटी कोनीतरी व्हतं, पान्यातून येत व्हतं. सोनकी तं नव्हती. मंग थे तेरावं कोन व्हतं?"

माझ्या पडद्यावर बैल उभे होते, बारा जण उभे होते, आणि शेवटी ते.

तो दिवस गेल्यावर रुक्माबाईंनी वर्षाला वेगळं घेतलं. "थे यंत्र वापस देऊन ये. सावली घरात आनली तू. बुढा जेवून नाई राह्यला." मला ते ऐकू आलं आणि वाईट वाटलं. पण त्यांची चूक नव्हती. दिवाळीत त्यांच्या घरी धबुकार असतो. निखाऱ्यावर तूप आणि गोडाचा घास सोडायचा आणि गेलेल्या माणसांची नावं घ्यायची. त्यात सोनकीचं नाव कधी घेतलं गेलं नव्हतं. दादांच्या आईने घेऊ दिलं नाही, कारण मेलेलं कुणी पाहिलं नव्हतं. त्यामुळे ती पोर जिवंतांत मोजली गेली नाही आणि मेलेल्यांतही नाही. सत्तर-पंचाहत्तर वर्षं ती तशीच मधे उभी होती.

वर्षाने मला पिशवीत घातलं आणि बसने दिग्रसला नेलं. मी मनात म्हटलं, संपलं आपलं. पण ती मला परत द्यायला गेली नव्हती. रहेमानचाचांची मुलगी जेबा कॉम्प्युटर शिकत होती आणि दुपारी दुकानात बसायची. वर्षाने मला तिच्यापुढे उघडलं आणि म्हणाली, "जेबादीदी, याच्यात एक जन जास्तीचा हाये. मी नाई काढला त्याले."

जेबाने माझ्यातली आज्ञा वाचली आणि हसू दाबलं. "तूच काढला, बाई. मशीन शून्यापासून मोजते. बारा नावाइले नंबर कोनते पडले? शून्य ते अकरा. तू याले सांगतलं, शून्यापासून बारापर्यंत जा. शून्य ते बारा किती झाले?"

वर्षाने बोटांवर मोजलं. "तेरा."

"तो बिचारा तेराव्यापाशी गेला. तिथं नाव नाई, फोटो नाई. म्हून त्यानं काळं काढून ठेवलं. नवीन शिकनारा हरेक जन हे करते. मीबी केलं."

मित्रांनो, मला हायसं वाटलं. मी सांगितलं तेवढंच करतो, माझ्यात काही लबाडी नाही, हे चारचौघांत सिद्ध झालं. जेबाने एक अक्षर बदललं आणि तेरावा नाहीसा झाला. "आमच्या घरी तं उलटं होते," ती सांगू लागली. "आम्ही उरुसाले गेलो का अम्मी आमाले मोजते. कधी सोताले मोजाचं विसरते, कधी दोनदा मोजते. मंग एक पोट्टं हरवलं तरी गिनती बराबर." ती हसली. वर्षा हसली नाही. तिचा हात माझ्या बटणांवर होता, तो गार पडत गेलेला मला कळला.

"आनखी एक इचारू?" वर्षा म्हणाली. "सगळे थांबले का थे एक पाऊल जास्ती टाके. थे काहून?"

जेबाने पुन्हा सगळं वाचलं. दोनदा वाचलं. "थे तं याच्यात कुठंच लिवलेलं नाई," ती म्हणाली, आणि तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.

परतीच्या बसमध्ये वर्षाने मला मांडीवर घट्ट धरलं होतं. तिला कळलं होतं. काठावर उभ्या असलेल्या आठ वर्षांच्या पोराने आधी स्वतःला एक म्हणून मोजलं. मग आलेले अकरा मोजले, झाले बारा. आणि बापाने 'तू धरून किती' म्हणताच त्याने स्वतःला पुन्हा एकदा धरलं. पाण्यातून कुणी आलंच नव्हतं. पण हे दादांना सांगायचं कसं? जिच्या जोरावर ते इतकी वर्षं जगले ती सावली काढून घ्यायची, आणि तिच्या जागी त्यांचंच बोट ठेवायचं? सांगितलं तर ते खचतील, नाही सांगितलं तर त्या काळ्यापुढे बसून उपाशी मरतील. मला तिची कीव आली.

ती गप्प राहिली. संध्याकाळी दादांनी मोजलं तर बाराच आले.

"काहून काढून टाकलं थे तेरावं?" दादा म्हणाले.

"चूक होती दादा. माहीच होती."

"चूक झाली म्हून मानूस काढून टाकते का कोनी?" त्यांचा आवाज चढला नाही. मग हळूच म्हणाले, "तांडा माघारी फिरवता येते का? नदीपर्यंत?"

येत नव्हता. त्या गेममध्ये डावीकडे जायला वाटच नव्हती.

मग सुरू झालं माझ्या आयुष्यातलं सगळ्यात कठीण काम. रहेमानचाचांनी डब्यातली पन्नास बटणं उलटीपालटी केली आणि एका पांढऱ्या, केव्हाच मोडीत गेलेल्या लॅपटॉपचं डावं बटण माझ्या जागेत बसवून दिलं. "रंगाकडं नको पाहू," म्हणाले, "दबते का नाई थे पाह्य." वर्षाने डावीकडची आज्ञा लिहिली, तर सगळे उलट्या पावलांनी चालू लागले, तोंडं उजवीकडे आणि अंगं डावीकडे. रुक्माबाईंनी ते पाहिलं आणि पदर तोंडाशी धरला. तोंडं फिरवली तर बैल माणसांच्या अंगावरून गेले. ते निस्तरलं तर नदी आली की बारा जण पाण्यात पडून दिसेनासे व्हायचे, त्या पहिल्या लाल चौकोनासारखे, आणि मी ते किती खोल चालले ते मोजत बसायचो. रोज लाइट जायची, रोज तिचं काहीतरी पुसलं जायचं. जेबाने दम भरला तेव्हा ती पेनड्राइव्हवर प्रत ठेवायला शिकली. दादा रोज येऊन विचारायचे, "फिरला का?" आणि नाही म्हटलं की परत जायचे. रोज थोडे हळू जायचे. दिवाळी आठ दिवसांवर आली तेव्हा त्यांना माझ्यापर्यंत धरून आणावं लागे.

राहता राहिली सोनकी. तिचा घुंगटो झाला, परकर झाला, तोंडाशी येऊन वर्षा थांबली. "दादा, कशी दिसे थे?" दादांनी खूप आठवलं. त्यांना तिचं तोंड आठवेना. इतकी वर्षं ज्याला पाहत होते ते दुसरंच होतं, त्याने तिचं तोंड पुसून टाकलं होतं. ते रडू लागले.

तेव्हा रुक्माबाई पुढे आल्या. ज्यांना मी घरात नको होतो त्याच. "जिथं टाका घालता येत नाई तिथं आपन आरसा लावतो," त्या म्हणाल्या. त्यांनी बोट ठेवलं तिथे वर्षाने दोन घरं पांढरी केली, चमकती. बंजारा भरतकामात आरशाचा तुकडा बसवतात तसं सोनकीचं तोंड झालं. यादीत तिचं नाव तेरावं लागलं.

काळी अमावास्या आली, म्हणजे दिवाळीची संध्याकाळ. बाहेर तांड्यातल्या मुली हातात दिवे घेऊन घरोघर निघायच्या तयारीत होत्या. दादांना माझ्यासमोर बसवलं. वर्षाने त्यांचं बोट धरून पांढऱ्या बटणावर ठेवलं. दादांनी दाबलं.

तांडा फिरला. बैल फिरले, बारा जण फिरले, आणि सगळे आले तसे माघारी निघाले. चढ गेला, उतार आला, नदी आली. पलीकडच्या काठावर एक एवढीशी पोर उभी होती. बैल पाण्यातून पार झाले, माणसं पार झाली, आणि शेवटचा तिच्याजवळून गेला तशी ती त्याच्यामागे निघाली. दादांनी बोट उचललं. सगळे थांबले.

सोनकीने आणखी एक पाऊल टाकलं.

मित्रांनो, मी शपथेवर सांगतो, माझ्यात तसं एक अक्षरही नव्हतं. वर्षाने तिला नव्याने काढलं होतं, जुनं सगळं पुसून. मी ते पाऊल टाकलं नाही. ते माझ्या पडद्यावर पडलं एवढंच मला ठाऊक आहे.

दादा मोजू लागले. बोट काचेवरून सरकत गेलं. "तेरा," म्हणाले. मग स्वतःच्या छातीला हात लावला. "मी याच्यात हाये ना?"

"हो दादा. सहावे तुमी."

"मंग मले पुन्हा नाई मोजाचं."

वर्षाने त्यांच्याकडे वळून पाहिलं. तिने एक शब्द सांगितला नव्हता.

"पान्यात कोनी नव्हतं," दादा म्हणाले. "मीच सोताले दोनदा मोजलं. थे भाकरी उरली तवाच समजलं मले. सांगनार व्हतो. पन याडी माह्याकडं पाहत व्हती. म्हून म्हटलं, शेवटी कोनीतरी व्हतं. मंग सांगता सांगता थे मलेच दिसाले लागलं."

रुक्माबाईंनी सासऱ्यांपुढे कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता, त्या त्यांच्याजवळ जाऊन बसल्या आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. दारात मुलींचे दिवे आले. लाइट गेली, आणि मी दोन मिनिटं तेरा जणांना जागवत ठेवून मग झोपलो.

दुसऱ्या दिवशी धबुकाराला दादांनी स्वतः निखाऱ्यावर घास सोडला आणि सोनकीचं नाव घेतलं. मग बसून दोन भाकरी खाल्ल्या.

त्यानंतर ते रोज संध्याकाळी यायचे आणि पांढरं बटण दाबून तांडा माघारी न्यायचे. होळीनंतर एका दुपारी ते झोपेतच गेले.

तेराव्यानंतर वर्षाने मला उघडलं. मधल्या दिवसांत मला कुणी हात लावला नव्हता, माझं झाकण बंद होतं, चार्जर खुंटीला होता. तिने तांडा माघारी फिरवला, नदीवर आणला आणि बोट उचललं. सगळे थांबले. सोनकीही थांबली. तिने जास्तीचं पाऊल टाकलं नाही.

वर्षाने मोजलं. तेराच होते. पण सहावी जागा रिकामी होती. सहावा सगळ्यांच्या मागे होता, सोनकीच्या शेजारी, आणि तिच्या आरशाच्या तोंडात एवढासा फेटा दिसत होता. दोन घरांत फेटा बसत नाही, हे रुक्माबाईंनीच शिकवलं होतं.

वर्षाने यादी उघडून पाहिली. नावं जिथल्या तिथे होती. जेबाने पाहिलं, तिलाही काही सापडलं नाही. रुक्माबाई पडद्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "दुरुस्त करू नको."

मित्रांनो, आता माझा पंखा फार आवाज करतो आणि मी फार दिवसांचा सोबती नाही. वर्षाने दुसरा गेम सुरू केला आहे, तिला माझ्याहून चांगला साथी मिळो. तुम्हीही काही बनवायला बसाल तेव्हा चुकाल, भरपूर चुकाल. चूक सापडली की लगेच पुसू नका, आधी तिच्यात कोण उभं आहे ते पाहा. रोजची प्रत जपून ठेवा. आमच्यासारख्या जुन्यांना पोत्यात भरण्याआधी आत काय राहिलं आहे ते एकदा विचारा. आणि कुठूनही निघताना माणसं मोजाल तेव्हा स्वतःला एकदाच मोजा, आणि मग मागे वळून काठ पाहा.

माझ्या पांढऱ्या बटणावरचा बाण दादांच्या बोटाने केव्हाच पुसला गेला. तरी ते अजून दबतं.